अर्धा तास मागं

मुलगी लातुरात घरीच मेडिकलच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. संध्याकाळी सातला अभ्यासावरून उठायचं, असं ठरलेलं. तिनं आणखी अर्धा तास बसावं म्हणून मी कॉम्प्युटरचं घड्याळ तेवढंच मागं केलं, सेटिंगला पासवर्ड लावला आणि भिंतीवरचं घड्याळही दुरुस्तीच्या नावानं काढलं. मोबाइल तिच्याकडं नव्हताच.

महिन्याभरानं तिच्या शिष्यवृत्तीची ऑनलाइन परीक्षा होती. पान उघडेना. ‘कॉम्प्युटरची वेळ चुकीची आहे, प्रवेश पाच मिनिटांत बंद होईल’ एवढंच दिसत होतं.

“पप्पा, बदलतच न्हाई हे! पासवर्ड मागायलंय!”

गप्प राहिलो असतो तर परीक्षा बुडाली असती. मी वाकून पासवर्ड टाकला.

“म्हणजे तुम्हीच?”

“हाव.”

परीक्षा सुरू झाली. ती माझ्याकडंच बघत राहिली.