एक दिवस पुढे असलेला ससा

मी नववी नापास. मुलुंडला एका लॅबमध्ये सशांच्या खोलीत कामाला आहे. साफसफाई करायची, पाणी भरायचं आणि ससे धरायचे. धरायचं मला जमतं म्हणून ठेवलंय, नाहीतर मला कोण ठेवणार. कारखान्यात केमिकल वापरतात ना, रंगाचं, चिकटवायचं, धुवायचं, ते माणसाच्या कातडीला झोंबेल का हे आधी सशावर बघतात. सशाच्या पाठीवरचे केस मशीनने काढायचे, पट्टीवर केमिकल टाकून चार तास चिकटवायची, मग काढून पाण्याने पुसायचं. मग रोज बघायचं. काहीच नाही तर शून्य, एकदम वाईट तर चार. आकडा सर लिहितात, पण आधी मला विचारतात, गंमत म्हणून. "बोला डॉक्टरीणबाई, किती मार्क?" आणि माझा बरोबर यायचा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मुलगी तेव्हा पाच महिन्यांची. घाटकोपरला घरी सासूबाईंकडे ठेवून यायचे. त्या सोमवारी पट्ट्या काढताना छाती भरून आली आणि एप्रनवर दूध उतरलं. त्याच वेळी पट्टीतलं काहीतरी पिवळं पोटाजवळ सांडलं. नियम असा की एप्रन तिथल्याच पिशवीत टाकायचा, घरी न्यायचा नाही. पण ती पिशवी उघडणारे दोन पुरुष, आणि एप्रनवर माझ्या दुधाचे दोन गोल डाग. मला लाज वाटली. गुंडाळून पर्समध्ये कोंबला, घरी आले आणि पोरीच्या दुपट्यांच्या बादलीतच भिजवला. सवयीने. विचारच नाही केला.

दुसऱ्या दिवशी घरी आले तर सासूबाई दारातच.

"गो, चेडवाच्या पाठीर बघ काय झालां तां!"

पोरीचं झबलं वर केलं. कमरेच्या वर लाल, माझ्या तळव्याएवढं. माझ्या तोंडून निघालं, "एक."

"काय एक?"

"काही नाही आई."

"कोणाची तरी नजर लागली," म्हणत त्या मीठमिरच्या काढायला गेल्या. मी पोरीला पाण्याखाली धरलं, दुपटी तीनदा धुतली, मग तिला घेऊन गल्लीतल्या डॉक्टरकडे पळाले. "काय लागलं हिला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साबण असेल. त्यांनी ट्यूब दिली.

बुधवारी कामावर गेले ती सरळ त्या सशाकडे. डावा कान फाटलेला तो, माझ्यावर सांडलं त्याच बाटलीचा. म्हणजे तो माझ्या पोरीच्या एक दिवस पुढे होता ना. त्याचं जे आज, ते तिचं उद्या. पाठ सुजलेली, लालभडक. चाटू नये म्हणून गळ्यात पट्टा घातलेला, तर नुसता बसून होता.

"बोला डॉक्टरीणबाई."

"एक."

"एक? चष्मा लागला काय तुला? तीन आहे हे!"

मी विचारलं, "सर, ह्या बाटलीत आहे काय?"

"मला कुठे माहीत? नुसता नंबर येतो. विचारायचं तर वर फोन करायला लागेल. का गं, अंगावर पडलं का?"

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं पण होतं मी. पण एप्रन घरी नेला हे कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवलं असतं. नवरा घरी बसलेला. "नाही सर, सहज विचारलं," म्हटलं.

घरी येऊन झबलं वर केलं. एक की दोन, कळेना. खिडकीपाशी नेलं, लाईटखाली नेलं, तरी कळेना. सशाचं बरोबर सांगते मी, पोरीचं सांगता येईना. खाजवू नये म्हणून तिच्या हातात मोजे घातले. मग तीही त्या सशासारखी नुसती बघत राहिली माझ्याकडे, आणि मला ते मोजे काढावे की ठेवावे सुचेना.

गुरुवारी ससा तीनच. शुक्रवारी त्याची कातडी सुकून सोलायला लागली, आणि पोरीचं मात्र फिकट झालं. रविवारी तर काहीच नाही. बाटलीचं होतं का घामोळं होतं, मला कधीच कळणार नाही.

"बघलंस? मीठमिरच्येन काम केलां," सासूबाई म्हणाल्या.

"हो आई."

सशाला चौदा दिवस ठेवलं. शेवटच्या दिवशी त्याच्या पाठीवर बारीक केस आलेले.

"किती?"

"शून्य."

"बरोबर. पास," सर म्हणाले. "आण त्याला तिकडे."

तिकडच्या खोलीत शेवटचं इंजेक्शन असतं, मला माहीत होतं. तरी म्हटलं, "सर, हा बरा झालाय ना."

"बरा झाला म्हणूनच तर काम संपलं ना गं त्याचं."

मी त्याला उचललं. पोरीला ढेकर काढायला घेते तसं, एक हात खाली, एक पाठीवर. तो माझ्या एप्रनला नाक लावून हुंगत होता, दूध आलं होतं मला. दारापर्यंत सात-आठ पावलं असतील. मी चालत गेले.