दवाखान्यातला सॅक्सोफोन

दातांच्या दवाखान्यात आम्ही दोघे भाऊ नंबराची वाट बघत होतो. स्पीकरवर स्मूथ जॅझ चालू होतं, गुळगुळीत सॅक्सोफोन. दादा जॅझचा कट्टर भक्त. "हे जॅझ नव्हे, साखरेचा पाक आहे," असं पुटपुटत तो बंद करायला सांगायला उठला. समोरच्या खुर्चीत एक बाई पर्स घट्ट आवळून बसल्या होत्या. सूर लांबत गेला तशी त्यांची बोटं सैल झाली, डोळे मिटले. दादा थबकला. मग काउंटरवर काहीतरी बोलून परत आला.

"बंद करतायत का?"

"नाही. आवाज जरा वाढवायला सांगितला."

"का रे?"

"काय माहीत," तो गोंधळून म्हणाला.

खरं जॅझ कुठलं, हे इतकी वर्षं त्यानेच मला शिकवलं होतं. आता ते त्याला विचारावं की त्या बाईंना, मला कळेना.