तालुका कचेरीच्या फाटकापर्यंत

"अण्णा, तेव्हा तो दाखला खरंच नाकारला होता?"... इस्पितळात इंदूनं मला विचारलेला हा शेवटचा प्रश्न. मी तिच्या उशीकडे बघत "हो गं" म्हणालो. तिनं "सरी", म्हणजे बरं, असं तमिळमध्ये म्हटलं आणि डोळे मिटले. चौथ्या दिवशी ती गेली. त्याला आता सहा आठवडे झाले.

इंदू माझी धाकटी बहीण, चौदा वर्षांनी लहान. वडील लवकर गेले, म्हणून तिच्या इंजिनिअरिंगच्या शैक्षणिक कर्जावर पालक म्हणून माझी सही होती. बँकेतल्या बाईंनी नीट समजावलं होतं, "शिकत असेपर्यंत हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. घरचं उत्पन्न कमी असेल तर तेवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. तालुका कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणा." उत्पन्न कमीच होतं, मी कापडदुकानात नोकरीला होतो. पण आम्ही तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतले राव! पणजोबांची पगडी अजून काचेच्या पेटीत. मी कचेरीच्या फाटकापर्यंत गेलो. रांगेत एक ओळखीचा माणूस होता, त्याचे वडील पूर्वी आमच्या शेतावर राबायचे. "वांग, राव सार, वांग!" असं तमिळमध्ये 'या, या' म्हणत तो मागे सरकला, मला पुढे जागा करून दिली. "सहज आलो होतो," म्हणून मी परत फिरलो. घरी सांगितलं, नाकारला.

चार वर्षांचं व्याज मुदलात जमा झालं. एम.ई.ला प्रवेश मिळाल्याचं पत्र इंदूच्या हातात होतं, तरी आणखी कर्ज नको म्हणून तिनं तिरुवैयारूच्या शाळेत नोकरी धरली. "पुस्तकं कुठं पळून जातात, अण्णा?" म्हणाली. आणि मी सुटल्यासारखा हसलो...

पुढं दर शनिवारी आमच्या ओट्यावर, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या तिण्णैवर, मुलं आईबापांना घेऊन इंदूकडून कर्जाचे कागद समजून घ्यायला येऊ लागली. तिचा नियम एकच. सहीआधी कागद मोठ्यानं वाचायचा, आणि तोही पालकांनी. "हप्ता झोपलाय म्हणून व्याज झोपत नाही, अप्पा," असं ती तमिळमध्ये सांगायची. "व्याजाची सवलत एकदाच. पदवीला घ्या, नाहीतर त्याच्या पुढच्या शिक्षणाला." एका बापाला दाखला मागायची लाज वाटत होती. त्याला म्हणाली, "लाज इथं तिण्णैवर ठेवून जा, मी राखते. येताना घेऊन जा." सगळे हसले. आत मी पेपर वाचत होतो, पान उलटायचं राहून गेलं.

हे मी देवनागरीत लिहितोय. ही लिपी मला आजोबांनी शिकवली. इंदूला येत नव्हती. ती मराठी बोलायची, लिहायची तमिळ. म्हणजे कबुली द्यायलासुद्धा मी तिला वाचता येणार नाही अशीच जागा शोधली... हे लक्षात आलं तेव्हा काल, शनिवारी, कागद घेऊन तिण्णैवर गेलो. तिची निळी प्लॅस्टिकची खुर्ची तिथंच आहे. तिच्यासमोर बसून पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं. 'परत फिरलो' तेवढं हळूच वाचलं. ती असती तर म्हणाली असती, पुन्हा वाच. पुन्हा वाचलं.

सही आता करतो.