नमुन्याचा रुपया

दिगंबरराव केळशीकरांना मी पहिल्यांदा भेटले ती भांडायच्या तयारीनेच. माझे यजमान नुकतेच गेले होते आणि मागे ठेवलं काय, तर जुन्या नाण्यांचा एक डबा! सासरचे म्हणत, "आयुष्य या डबड्यात घातलं त्याने." डब्यातलं एक तरी नाणं मोलाचं निघावं आणि त्यांची तोंडं बंद व्हावीत, एवढंच मला हवं होतं.

आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, पाटणकर बाजारात, दिगंबररावांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. रविवारी मात्र ते नवशिक्यांची नाणी पाहून देतात, छदामही न घेता. दौलतगंजातली मुलं मोबाईल नाचवत येतात, "अंकल, ये लाखों का है ना?" ते म्हणतात, "बेटा, एक रुपये का है. संभालकर रखो." पण हसत कुणालाच नाहीत. झिजलेलं, भोक बुजवलेलं, आकडा कोरून बदललेलं, कसलंही नाणं असो, भिंग आपल्याच हातात देतात आणि म्हणतात, "आधी बघा, मग बोला."

माझा डबा त्यांनी तीन रविवार पाहिला. सगळी नाणी साधी. एक चांदीचा रुपया तेवढा दुर्मीळ सालाचा. त्यांनी आपल्याजवळचा त्याच सालाचा नमुन्याचा रुपया ताडून पाहायला शेजारी ठेवला, तर सालाच्या शेवटच्या आकड्याचं वळण जुळेना. "ताई, आकडा बदललेला आहे. यजमान फसले हो." मी तिथेच रडले. दुकान बंद करून ते प्रवाशांच्या टेम्पोने मला किला गेटला घरापर्यंत सोडायला आले. तो रुपया मी वितळवून लेकीच्या पैंजणांत घालून टाकला.

मग हट्टानेच त्यांच्याकडे शिकायला लागले. त्याला बारा वर्षं झाली.

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली, तेव्हा नमुन्याचा रुपया त्यांनी माझ्या हवाली केला. तो त्यांच्या गुरूंनी दिलेला. गुरूंच्या वस्तूवर भिंग कसं धरायचं, म्हणून त्यांनी तो कधी तपासलाच नव्हता! मी तपासला. आकड्याचं शेपूट कोरलेलं होतं. खोटा होता तो नमुनाच.

आठवडाभर अन्न गोड लागलं नाही. पंचाहत्तरी तोंडावर आलेली, या माणसाला हे सांगायचं कसं? आणि न सांगावं, तर इतकी वर्षं मी शिकले काय? शेवटी सांगितलं. त्यांनी रुपया हातात घेऊन आकड्यावरून बोट फिरवलं.

"तुमच्या यजमानांचा रुपया कुठाय?"

"वितळवला, काका."

"खरा असेल हो तो."

"असेल. आता कोण सांगणार?"

मला त्यांचा राग आला. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू? त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात हे नको, असं संपादकांचं म्हणणं होतं. दिगंबररावच अडून बसले, "मग मला शालही नको. ज्यांना मी रुपया खोटा म्हणून परत पाठवलं, त्यांना कळायला हवं."

आता ते आठवून आठवून एकेकाला निरोप धाडतात. आजवर दोघे आले. दोघांकडेही रुपया उरलेला नव्हता. दिगंबररावांनी हात जोडून त्यांची माफी मागितली.

काका, तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, उरलेली नजर शाबूत राहो. कुणाच्या तरी डब्यात तुम्ही खोटा ठरवलेला रुपया अजून असेल. तो घेऊन कुणी येईल, तेव्हा तुम्ही दुकानात असायला हवं.