पेटीत आलेला कोयता

नव्या अभ्यासक्रमातून नीतिमूल्यं आमच्या शाळेत आली आणि शाळेत पहिल्यांदा चोरी झाली. ती मी करवली.

सुरुवात झाली पौडच्या प्रशिक्षणापासून. तीन दिवस शहरातून आलेले एक तज्ज्ञ पडद्यावर एकेक मूल्य दाखवत होते आणि तालुक्यातले आम्ही शिक्षक पोह्यांतले शेंगदाणे वेचत होतो. सकाळी हजेरीवर सही करतानाच सगळ्यांनी दुपारचीही सही उरकून टाकली, कारण जेवण झालं की निम्मे लोक पसार होणार होते. मीही उरकली. दुसऱ्या दिवशी एका बाईंची नवी छत्री गेली. तज्ज्ञांनी माइकवरून दोनदा विनंती केली, तरी छत्री काही परत आली नाही. मग त्यांनी घसा साफ करून पुढचं पान लावलं.

‘धर्मांचा आदर’ या पानावर त्यांनी मला उभं केलं. तुमची मुलं कुठल्या धर्माची, असं विचारलं. मी सांगितलं, कातकरी वस्तीवरची आहेत, डोंगरात वाघाचा एक शेंदूर लावलेला दगड आहे, त्याला नारळ फोडतात. ते गोड हसले. म्हणाले, "म्हणजे त्यांना मूल्यांची ओळख आपल्यालाच करून द्यावी लागणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. नाही डोलावली तर वरपर्यंत नाव जाईल, म्हणून मीही डोलावली.

मी सूसला राहते. रोज स्कूटरवर पिरंगुट, पौड मागे टाकत धरणाच्या अंगाला जाते. आमची शाळा दोन शिक्षकांची, मुख्याध्यापक आणि मी. शाळेच्या वर चढावर वस्ती आहे, आणि जवळजवळ सगळी मुलं तिथलीच.

नव्या फर्मानाप्रमाणे प्रत्येक शाळेत ‘हरवले-सापडले’ पेटी ठेवायची होती. मुलांना सापडलेली वस्तू त्यांनी पेटीत टाकायची, दर शनिवारी आम्ही फोटो काढून लिंकवर चढवायचा. फोटोवरून म्हणे शाळेचा प्रामाणिकपणा मोजणार होते. मुख्याध्यापकांनी हौसेने पेटी करून घेतली, पिवळी रंगवली आणि तिला कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. मी म्हटलं, सर, प्रामाणिकपणाच्या पेटीला कुलूप? ते म्हणाले, "मग काय उघडी ठेवू? कुणी नेलं म्हणजे?"

पाच शनिवार पेटी रिकामी. मग केंद्रप्रमुखांचा फोन आला. या माणसाने आयुष्यात एकही वर्ग नीट शिकवला नव्हता, पण तक्ते भरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. "मॅडम, तुमच्या शाळेत प्रामाणिकपणा शून्य दाखवतोय," तो म्हणाला. "केंद्राची सरासरी खाली येतेय."

मी वर्गात विचारलं, तुम्हाला कधीच काही सापडत नाही का रे? चौथीतली एक मुलगी उभी राहिली. बोलकी पोर होती, रानातली प्रत्येक भाजी ओळखायची.

"सापडतं की बाई. पन ज्याचं हाय ते येतंय न्यायला. आपुन कशाला हात लावायचा?"

मग तिने मला समजावून सांगितलं. रानात लाकडं गोळा करून कुणी मोळी बांधली आणि ती लगेच खाली नेता आली नाही, तर मोळीवर खूण ठेवायची. दगडाखाली हिरवा टहाळा, नाहीतर स्वतःचा कोयता. खूण असली की ती मोळी आठ दिवस पडून राहिली तरी कुणी शिवत नाही. खूण नसली की ती कुणाचीच नाही, नेणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. मोहाच्या झाडाला, मधाच्या पोळ्याला, सगळ्याला हाच कायदा. हे सगळं तिने दोन मिनिटांत सांगितलं, पडदा न लावता.

इतकं ऐकूनही मी काय केलं? फळ्यावर ‘प्रामाणिकपणा’ लिहिलं आणि म्हटलं, "ते ठीक आहे. पण येत्या शनिवारी प्रत्येकाने एक तरी सापडलेली वस्तू आणायचीच."

शनिवारी मुलांनी आणल्या. अर्धा तुटका कंगवा, एका पायाची चप्पल, गोधडीचा तुकडा. एकीने स्वतःचंच खोडरबर टाकलं आणि देवाची शपथ घेऊन वाटेत सापडल्याचं सांगितलं. पहिल्या दिवसापासून ज्या मुलांना मी कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं, ती एका आठवड्यात सफाईने बोलायला लागली. मूल्यशिक्षण लागू पडत होतं.

त्या बोलक्या मुलीने कोयता आणला. जुना, पण धार लावलेला, मुठीला फडकं गुंडाळलेलं. कुठे सापडला विचारलं तर म्हणाली, "रानात. मोळीवर व्हता." म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणावं, याची ती वाट बघत होती. मला तेव्हाही ते कळलं होतं. पण फोटोत उठून दिसेल अशी तीच एक वस्तू होती. मी फोटो काढला.

केंद्रप्रमुख खूश झाला. ‘धारदार वस्तू जबाबदारीने जमा’ असं त्याने अहवालात लिहिलं आणि केंद्राच्या कार्यक्रमात त्या मुलीला ‘मूल्यदूत’ केलं. तिच्या फ्रॉकला बिल्ला टोचला, हातात प्रमाणपत्र दिलं. टाळ्या पडल्या. ती खाली मान घालून उभी होती. मुख्याध्यापक म्हणाले, "किती विनम्र आहे बघा."

त्यानंतर ती वर्गात बोलेनाशी झाली. पंधरा दिवसांनी तिची आई शाळेत आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी येईना.

"बाई, पोरीला वस्तीवर कुनी संगं घेत न्हाई," ती म्हणाली. "बाया खेकडं धराया जात्यात, अळंब्या काढाया जात्यात, हिला म्हनत्यात तू ऱ्हा घरी. एकटी दारात बसून असती. चोर म्हनत्यात तिला."

कोयता गेला म्हणून मोळीवरची खूण गेली होती. पलीकडच्या वस्तीवरच्या कुणीतरी ती बिनखुणेची मोळी नेली, त्यात त्यांची काही चूक नव्हती. ज्या बाईची मोळी होती, तिचे दोन दिवसांचे कष्ट गेले. आणि कोयता कुणी उचलला हे शोधावंही लागलं नव्हतं. पोरीने आपणहून सांगितलं होतं की मी शाळेत दिला.

मी मुख्याध्यापकांकडे किल्ली मागितली. त्यांनी किल्लीबरोबर पोचपावतीचा कागदही पुढे केला आणि म्हणाले, "अंगठा घ्या, आणि परत देतानाचा फोटो काढा. ‘वस्तू मूळ मालकास सुपूर्द’. हा रकाना कुठल्याच शाळेचा भरलेला नाही." मी पेटीच काढून टाकू म्हटलं, तर ते म्हणाले की पुढच्या महिन्यात वरून समिती येणार आहे, तोवर तसलं नावही काढू नका. मी मूग गिळून गप्प बसले. सतरा वर्षांत त्यात मी तरबेज झाले आहे.

शाळा सुटल्यावर मी मुलीला घेऊन वस्तीवर गेले. कोयतेवाली बाई अंगणात शेळीला पाला घालत होती. तिने कोयता घेतला, धार अंगठ्याने पाहिली आणि बाजूला ठेवला. कागद आणि फोन मी पर्समधून काढलेच नाहीत.

"हिची काही चूक नाही," मी म्हटलं. "मी आणायला सांगितलं म्हणून तिने आणला."

"तुमी सांगितलं म्हून तिनं केलं. उद्या दुसरं कोन सांगंल. तवा बी करंल?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिला ठाव व्हतं न्हवं, खूण हाय म्हून?"

मुलगी म्हणाली, "व्हय."

"आन तुमाला, बाई?"

मलाही ठाऊक होतं. ते मला सांगावं लागलं.

"मंग तुमाला कुनी सांगितलं व्हतं?"

"वरच्या साहेबांनी."

शेजारच्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यातली एक हसली, ते मला अजून आठवतं. मग कोयतेवालीने निकाल दिला. पोरीने एक मोळी आणून द्यायची. आणि शाळेच्या बाईंनी एक.

रविवारी आम्ही दोघी रानात गेलो. वाळलेलं लाकूड कुठलं आणि नुसतं तसं दिसणारं कुठलं, हे ती मला दाखवत होती. बऱ्याच दिवसांनी ती बोलत होती. माझे हात सोलवटले, साडी फाटली, मोळी दोनदा सुटली. तिने ती तिसऱ्यांदा बांधून दिली. दुपारी आम्ही दोन्ही मोळ्या त्या बाईच्या अंगणात टाकल्या.

बाईने आधी पोरीची मोळी पाहिली. गाठ ओढून बघितली. म्हणाली, "उद्या खेकड्यांना जायचं हाय. लवकर ये." पोरगी उड्या मारत घरी पळाली.

मग ती माझ्याकडे वळली. "ती पोर आता कंदी कुनाचं उचलायची न्हाई. तसं तुमचं काय? ती पेटी काढली का?"

"अजून नाही," मी म्हटलं. "समिती येऊन गेली की—"

तिने मला पुरं बोलू दिलं नाही. माझी मोळी उचलली आणि माझ्या पायाशी आणून ठेवली.

"मंग ही घिऊन जा बाई," ती म्हणाली. "तुमचं फिटलं न्हाई."