सरकणारा पाय

रसिकाचं आणि माझं टेबल सात वर्षं शेजारी होतं. मी जुना ड्राफ्ट्समन, निवृत्तीनंतरही येऊन बसणारा. ती कॉम्प्युटरवर कारखान्यांतल्या टाक्यांवर पडणाऱ्या ताणांचा हिशेब करायची. त्यातलं मला जेवढं कळलं तेवढंच लिहितो.

कॉम्प्युटरमधली टाकी म्हणजे नुसतं कवच. ते कुठे घट्ट धरलंय आणि कुठे मोकळं आहे, हे आपण सांगायचं. रसिका ती जागा हात लावून पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही करत नसे. मालक जयवंतराव म्हणत, "निघाल्या बाई दर्शनाला."

नंदेसरीच्या एका कारखान्यात आडवी टाकी बसवली होती, दोन पायांवर. गरम तेल आलं की ती लांबीत चारेक मिलिमीटर वाढणार, म्हणून एक पाय पक्का आणि दुसरा सरकणारा. त्याची बोल्टची भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली. हिशेब बसला होता. तरी मंगळवारी ती गोत्रीच्या आमच्या ऑफिसातून स्कूटरवर तिकडे गेली.

तिथला सुपरवायझर कुशलभाई खुशीत होता. "रसिकाबेन, इकडची भोकं मोठी पडली होती. मी चारी बाजूंनी वेल्डिंग मारून घेतलं. आता भूकंप आला तरी हलणार नाय!"

ती परत आली, कॉम्प्युटरमध्ये दोन्ही पाय पक्के केले. पडद्यावर पायाजवळचं कवच लालभडक झालं, म्हणजे तिथला ताण सोसण्यापलीकडे.

जयवंतराव म्हणाले, "ड्रॉइंगप्रमाणे रिपोर्ट बरोबर आहे ना? गुरुवारी तेल सोडायचंय. कर सही."

"टाकीला ड्रॉइंग दिसत नाही, साहेब."

"मग मला दुसरा माणूस बघावा लागेल."

"बघा."

घरी ती एकटी कमावती होती. मीही हळूच म्हणालो, "कर गं, आपलं काय जातंय?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि रिपोर्टमध्ये लिहिलं: प्रत्यक्ष बसवल्याप्रमाणे टाकी असुरक्षित. तो कागद तिने कारखान्यालाही पाठवला.

बुधवारी कुशलभाईने स्वतः ग्राइंडर लावून वेल्डिंग काढलं. अर्धा दिवस लागला. तोंडाने तो अखंड गुजरातीत काहीतरी बोलत होता, पण काम चोख केलं.

गुरुवारी जयवंतराव, रसिका आणि मी, तिघेही तिकडे गेलो. रसिकाने पायाशी खडूची रेघ मारली. तेल चढलं. तासाभराने पाय रेघेपासून चार मिलिमीटर पुढे होता.

जयवंतराव वाकून बघत राहिले. "एवढंच?"

"एवढंच," रसिका म्हणाली, आणि पेन काढून नव्या रिपोर्टवर सही केली.

दुसऱ्या माणसाचा विषय जयवंतरावांनी परत काढला नाही.