पदकाची फीत

गेल्या रविवारी आईला रिक्षातून विहारात नेलं. माझ्या वडिलांच्या वस्तू तिथं काचेच्या कपाटात मांडल्यात... चीवर, भिक्षापात्र आणि लढाईतली तीन पदकं.

वडील फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईत जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन आले, त्याचं शौर्यपदक मिळालं. मी बारा वर्षांची असताना ते भिक्खू झाले. भिक्खूला स्वतःचं काही ठेवता येत नाही, म्हणून पदकं आईकडं सोपवली... आणि आम्हा दोघी बहिणींनाही.

मग ते आमचेही भंतेजी झाले. आई उस्मानपुऱ्यात ब्लाऊज शिवून घर चालवायची. पावसाळ्यात ते वर्षावासाला विहारात मुक्कामी असत, तेव्हा त्यांच्या पात्रात भात वाढायची, तीनदा वाकायची. ते सगळ्यांना म्हणत तेच तिलाही म्हणत... "मंगल हो."

एकदा उंदरांनी शौर्यपदकाची फीत कुरतडली. आईनं लग्नातल्या पांढऱ्या साडीचा निळा काठ वीतभर कापला आणि नवी फीत शिवली.

यंदा भंतेजी गेले. महिनाभरानं विहाराचे सचिव पदकं मागायला आले. "आई, ही आता समाजाची ठेव आहे." मी चिडले, पण आईनं पदकं ठेवलेला बिस्किटाचा डबा पुढं केला. "न्या बाबा. माणूस नेला तवा कुठं इचारलं व्हतं कुणी!"

रविवारी पदकं लखलखत होती. आई बराच वेळ काचेवर वाकून बघत राहिली. "ह्याची फीत कुठंय?"

"जुनाट झाली होती आई, टाकून दिली. औरंगपुऱ्यातून नवी आणली. छान दिसतीय ना?" सचिव म्हणाले.

आईनं चष्मा आणला नव्हता. खालची पाटी मला वाचायला लावली. 'संसाराचा त्याग करून धम्मकार्याला वाहून घेतले.'

"लई चांगलं लिवलंय. ज्यांचा त्याग केला त्यांचीबी नावं टाकायची ना."

सचिव मनापासून हसले. "आई लई मिश्किल आहेत!"

निघताना आई भंतेजींच्या फोटोपुढं वाकली. तीनदाच... सवयीनं.

घरी आल्यावर मी ती साडी काढून बघितली. काठ एका जागी वीतभर नाही. माझ्या वडिलांचं म्हणून आमच्याकडं आता तेवढंच उरलंय... त्याला काच लावायला मात्र कुणी येणार नाही.